पूर यायच्या आधी ताडपत्री आणि नळाची बादली गावात आणून ठेवा, मदत करणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

रोटरी, लायन्सची मंडळी, पुण्या-मुंबईची गणेश मंडळं, कॉलेजचे ग्रुप, कंपन्यांचे सीएसआरवाले, आणि दर पुरात स्वतःच्या खिशातून गाडी भरून येणारे सगळे दादा-ताई,

सगळ्यांना मनापासून नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला, कृष्णाकाठच्या एका गावात माझं मेडिकलचं दुकान आहे. 2005 चा पूर बघितला, 2019 चा बघितला, 2021 ला परत सामान वरच्या मजल्यावर चढवलं. दर वेळी तुम्ही आलात. 2019 ला तर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता, कोल्हापूरला यायला रस्ताच नव्हता, तरी पाणी जरा उतरलं की तुमच्या गाड्यांची रांग लागली, कुठनं कुठनं माणसं आली, नगर, नाशिक, लातूर, त्यातले किल्लारीच्या बाजूचे काहीजण मला म्हणाले की 93 साली भूकंपात आम्हाला अख्ख्या महाराष्ट्रानं उचललं, आता आमची पाळी आहे. हे विसरणं शक्य नाही. त्यामुळं पुढं जे लिहितोय ते तक्रार म्हणून वाचू नका, घरच्या माणसाला सांगावं तसं सांगतोय.

माझं म्हणणं एकच आहे. मदत पूर आल्यावर गोळा करू नका, एप्रिल-मे मध्ये किट तयार करून गावातच ठेवा, आणि त्या किटमध्ये सगळ्यात आधी दोन गोष्टींची सोय करा, डोक्यावर छप्पर आणि प्यायला चांगलं पाणी. बाकी सगळं नंतर.

का ते सांगतो. टीव्हीवर तुम्हाला दिसतं ते पूर असतानाचं चित्र, बोटी, एनडीआरएफ, छपरावर बसलेली माणसं. तेव्हा आम्ही छावणीत असतो, शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात, दोन वेळचं जेवण मिळतं, डॉक्टर येतात, छप्पर पक्कं असतं. खरा त्रास सुरू होतो पाणी उतरल्यावर. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलेलं, ते उतरायला दिवसच्या दिवस लागले, आणि ज्या दिवशी उतरलं त्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई. कारण घरात गाळ असतो तो ओला आहे तोवरच निघतो, वाळला की दगड होतो. जनावरं बांधायला जागा बघायची असते. आणि पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा माणूस दारात पाहिजे, नाहीतर राहून जाईल ही धास्ती प्रत्येकाला. म्हणून माणसं पडक्या घरासमोर येऊन बसतात. भिंत पडलेली, कौलं सरकलेली, आत गुडघाभर चिखल, वरून ऑगस्टचा पाऊस चालूच, आणि छावणी तर बंद झालेली. तेव्हाचे पंधरा-वीस दिवस कुणाच्या कॅमेऱ्यात येत नाहीत.

त्या दिवसात आमच्या गल्लीत माणसांनी काय केलं माहितीये का, चौकातले फ्लेक्स काढून आणले. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, जे मिळतील ते. कारण त्याच्यातनं पाणी गळत नाही. एका आजींच्या घराची मागची भिंत पूर्ण गेलेली, त्यांच्या नातवानं तिथं दोन फ्लेक्स सुतळीनं शिवून लावले होते, वाऱ्यानं रात्री ते फाडफाड वाजायचे आणि आजी झोपायच्या नाहीत, उठून कोपरा धरून बसायच्या. तिसऱ्या दिवशी रिंगाच्या भोकातनं फ्लेक्स उभा फाटला. आणि त्याच दिवशी आमच्या समाजमंदिरात साड्यांचे गठ्ठे लावायला जागा नव्हती, छतापर्यंत लागलेले. देणाऱ्यांनी प्रेमानंच दिल्या होत्या त्या साड्या, काही तर कोऱ्या होत्या. पण आजींना त्या रात्री पाहिजे होती एक जाड ताडपत्री आणि वीस-तीस मीटर नायलॉनची दोरी, आणि तेवढंच कुणाच्या ट्रकमध्ये नव्हतं.

हे काही माझ्या डोक्यातनं निघालेलं नाही, जगात ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय ते हेच करतात. रेडक्रॉसचं छपराचं किट असतं, त्यात 4 बाय 6 मीटरच्या दोन ताडपत्र्या, दोरी, खिळे, बांधायची तार, करवत, हातोडी, फावडं. बस्स. एवढ्यात कुटुंब स्वतः उभं करतं. जगभरच्या मदत संस्थांनी 1997 पासून मिळून काही किमान मापं ठरवलीत, त्याला स्फिअर म्हणतात, त्यात एका माणसाला कमीत कमी साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा पाहिजे असं आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला साडेसतरा. एक 4 बाय 6 ची ताडपत्री 24 चौरस मीटर भरते. उतार काढून, बाजू खाली सोडून बरोबर एक कुटुंब त्याखाली बसतं.

मग दुसरी ताडपत्री कशाला असं आमच्याकडं आलेल्या एका पोरानं मला विचारलं होतं. दुसरी आडोशाला. हे पुरुषांच्या लक्षात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं, माझ्या बायकोनं सांगितलं. न्हाणीघर पडलंय, संडासाचं दार वाहून गेलंय, गल्लीत दिवसभर बाहेरची माणसं येतायत जातायत, फोटो काढतायत, अशात बायकांनी अंघोळ कुठं करायची? शेजारच्या दोन सुना पहाटे चार वाजता उठून अंधारात उरकायच्या. दिवसभर मग पाणी कमी प्यायच्या, जायला लागू नये म्हणून. माझ्या दुकानात त्या आठवड्यात लघवीच्या जळजळीची औषधं मागायला किती बायका आल्या हे मला माहितीये, आणि कारण विचारलं की सगळ्या खाली बघायच्या. एक ताडपत्री चार बांबूंना गुंडाळली असती तर हे झालं नसतं. म्हणून दोन द्या. आणि गोठ्यासाठी तिसरी जमली तर आमची माणसं तुमचे पाय धरतील, म्हशी सोडून येणार नाही म्हणून पाण्यात अडकलेली किती माणसं आहेत इथं.

ताडपत्री घेताना जरा बघून घ्या. बाजारात पातळ निळी मिळते ती आठ दिवसात उन्हावाऱ्यानं चिरते. जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, दीडशे-दोनशेच्या घरातली घ्या, काठाला आत दोरी घालून शिवलेली, रिंगा जवळजवळ असलेली. शंभर कुटुंबांना पातळ देण्यापेक्षा पन्नासांना जाड द्या, आकडा कमी दिसेल पण दिवाळीपर्यंत टिकेल.

आता पाण्याचं. यावर मला जास्त बोलायचंय कारण हे माझ्या धंद्याशी जोडलेलं आहे.

पुरात पहिली गोष्ट बंद होते ती नळाचं पाणी, कारण जॅकवेल, म्हणजे नदीतनं पाणी उपसायची विहीर, आणि मोटारी नदीकाठीच असतात, त्या बुडतात. 2019 ला सांगली-कोल्हापूरसारख्या शहरांचे हाल झाले तिथं आमच्या गावाचं काय. विहिरी, बोअर सगळ्यात पुराचं पाणी शिरलेलं, त्या पाण्यात संडासाच्या टाक्या, मेलेली जनावरं, शेतातली औषधं सगळं मिसळलेलं. तुम्ही बाटल्यांचे बॉक्स पाठवता, पहिल्या दोन दिवसात त्याचा जीव वाचवण्यापुरता उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण हिशोब करा. प्यायला आणि स्वयंपाकाच्या वरवरच्या कामाला माणशी तीन लिटर धरले तरी पाच माणसांना रोज 15 लिटर, म्हणजे महिन्याला साडेचारशे लिटर. एका बॉक्समध्ये लिटरच्या 12 बाटल्या. एका घराला जवळपास 38 बॉक्स झाले, आणि गावात हजार घरं असली तर किती ट्रक लागतील बघा. तेच क्लोरीनची गोळी, 20 लिटरला एक अशी मिळते, 10 गोळ्यांच्या तीन पट्ट्या दिल्या की 600 लिटर पाणी, एका घराचा महिना निघून वर उरतात. तीन पट्ट्या माझ्या शर्टाच्या खिशात बसतात. आणि बाटल्या रिकाम्या झाल्यावर गटारीत जातात ते वेगळंच, आमच्या ओढ्याच्या मोरीत त्या अडकून पुढच्या पावसात पाणी तुंबलं होतं.

आणि हे नुसतं प्यायचं पाणी झालं. स्फिअरचं माप माणशी रोज 15 लिटर आहे, हात धुणं, भांडी, अंघोळ सगळं धरून. ते टँकरनंच भागतं, ते सरकार आणि ग्रामपंचायतीनं बघायचं, तुमच्या किटनं होणार नाही. पण टँकर आला तर पाणी साठवायचं कशात? पुरात घरातली पिंपं, घागरी, कळशा वाहून गेलेल्या असतात. लोक तेलाच्या डब्यात, रंगाच्या बादलीत पाणी भरतात. टँकरचं पाणी चांगलं असतं हो, ते उघड्या बादलीत ठेवल्यावर घाण होतं, लहान पोर हात घालतं, कुणी तांब्या बुडवतं. म्हणून बादली द्या ती झाकणाची आणि खाली नळ असलेली. ऑक्सफॅम संस्थेची एक 14 लिटरची बादली जगभर आपत्तीत वापरतात, घट्ट झाकण, खाली नळ, एकात एक बसतात त्यामुळं गाडीत जागा कमी लागते, बाई एका हातानं उचलू शकते. तसली बादली, पण 20 लिटरच्या गोळीच्या मापाची, आपल्या इचलकरंजी-सांगलीच्या बाजारात प्लास्टिकवाल्याकडून सहज करून मिळेल, फक्त आधी ऑर्डर द्यावी लागते. पुराच्या दिवशी मिळत नाही. घराला दोन द्या, एक भरायला एक प्यायला.

गोळीचं एक लक्षात ठेवायला लागतं. पाणी गढूळ असेल तर गोळी नीट काम करत नाही, क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी चार पदरी फडक्यातनं गाळून दुसऱ्या बादलीत घ्यायचं, मग गोळी, मग अर्धा तास थांबायचं. हे आमच्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर समजतं, तुरटी त्यांना नवीन नाही. आरोग्य खात्याचं मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध येतं, आशाताई वाटतात, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट करतो, ही सगळी माणसं गावात आहेतच. तुम्ही आलात की आधी त्यांना भेटा. तुमची गोळी आणि त्यांचं मेडिक्लोर दोन्ही एकाच बादलीत पडलं की पाण्याला असा वास मारतो की लोक ते ओतून देतात आणि परत विहिरीचं पितात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

2021 ची एक गोष्ट सांगतो, संस्थेचं नाव घेत नाही कारण हेतू चांगलाच होता. त्यांनी आमच्या वाडीत पाण्याचे फिल्टर वाटले, चांगले महागाचे, छोटी नळकांडी असते, पाइपनं बादलीला जोडायची, आतल्या बारीक नळ्यांतून पाणी गाळून येतं. त्याच्याबरोबर एक मोठी प्लास्टिकची सिरिंज होती. माहितीचा कागद इंग्रजीत. अर्ध्या तासात वाटून, ग्रुप फोटो काढून मंडळी पुढच्या गावाला गेली, त्यांनाही संध्याकाळच्या आत सात गावं करायची होती. दोन दिवसात फिल्टर तुंबले, थेंब येईना. ती सिरिंज उलट्या बाजूनं चांगलं पाणी मारून फिल्टर धुवायला होती, हे कुणाला ठाऊक? लोकांना वाटलं जनावरांना औषध पाजायला दिलीये, आमच्या शेजाऱ्यानं तिनं वासराला औषध पाजलं. मी कागद वाचून पंधरा-वीस घरांचे धुऊन दिले, ते परत चालू झाले, पण बाकीच्यांचे तोवर कुठं कुठं टाकून दिलेले. त्या आठवड्यात जुलाबाचे पेशंट वाढले, ओआरएस संपलं माझ्याकडचं, गाडी घेऊन जयसिंगपूरला जायला लागलं. दहा मिनिटं कुणीतरी थांबून मराठीत दाखवलं असतं तर तेवढे फिल्टर आजही चालले असते.

पाण्याला हलकं धरू नका. 2010 ला हैतीत जानेवारीत भूकंप झाला, जगभरनं तंबू, ताडपत्र्या गेल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नदीच्या पाण्यातनं कॉलरा पसरला, त्यात हजारो माणसं गेली. छपराची मदत पोचली तरी पाण्यानं माणसं मेली. म्हणून मी म्हणतो दोन्ही एकाच पेटीत पाहिजे.

एक पेटी, एक कुटुंब ही कल्पना तर तुमच्यातल्याच लोकांची आहे, म्हणजे रोटरीवाल्यांची. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला हेल्स्टन म्हणून छोटं गाव आहे, तिथल्या रोटरी क्लबातले टॉम हेंडरसन, आधी नौदलात पाणबुडे होते, त्यांनी 2000 साली हे सुरू केलं, शेल्टरबॉक्स नाव. एका हिरव्या प्लास्टिकच्या पेटीत तंबू, ब्लँकेटं, स्वयंपाकाची भांडी, पाणी शुद्ध करायचं सामान, हत्यारं. आणि त्यांच्या पहिल्या 143 पेट्या कुठं गेल्या माहितीये, आपल्याच देशात, 2001 च्या 26 जानेवारीच्या भूकंपानंतर गुजरातला. मला हे कळलं तेव्हा लई बरं वाटलं. पुढं त्यांनीही सगळीकडं तंबूच पाठवायचा हट्ट सोडला, जिथं घर डागडुजी करून उभं राहतंय तिथं नुसत्या ताडपत्र्या, दोऱ्या, हत्यारं पाठवायला लागले. आमच्या पुराला हेच लागू पडतं, आमच्या अंगणात तंबू ठोकायला जागा नाही, पण अर्धी भिंत उभी आहे, तिला टेकून ताडपत्री मारता येते. दरड कोसळली तर गोष्ट वेगळी, माळीण, तळिये, इर्शाळवाडी, तिथं घराची जागाच राहत नाही, तिथं तंबू नाहीतर कंटेनरच लागतो. म्हणजे सगळीकडं एकच किट चालत नाही, नदीकाठच्याला वेगळं, डोंगरातल्याला वेगळं, हे आधी बसून ठरवायला लागतं आणि ते ठरवायला उन्हाळ्यातच वेळ असतो.

माझी धाकटी बहीण चिपळूणला दिलीये. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी रात्रीतनं चढलं, तिचा खालचा मजला पूर्ण गेला. दोन दिवसांनी कसातरी फोन लागला तर रडली नाही काही नाही, म्हणाली दादा, तुझ्याकडं पण पाणी येतंय ते कळलंय, पण कुणी इकडं यायला निघालं असेल तर सांग, कपडे नको, फावडी, खराटे, घमेली, बादल्या आणि गमबूट पाठव, आणि मेणबत्त्या नको बॅटरी पाठव, घरात वास मारतोय गॅसचा. मी तिचा तो निरोप तसाच्या तसा आमच्या ग्रुपवर टाकला आणि इचलकरंजीच्या पोरांनी तेवढंच सामान भरून टेम्पो नेला. ती अजून म्हणते, त्या टेम्पोतलं एक पण खोरं वाया गेलं नाही. विचारून नेलं म्हणून.

तर माझी विनंती अशी आहे. या वर्षी पैसे जमवा ते मार्च-एप्रिलमध्ये जमवा, मला माहितीये तेव्हा लोक देत नाहीत, पूर डोळ्यासमोर असला की हात सैल सुटतो, पण तुम्ही मागितलं तर देतील, तुमच्या शब्दाला वजन आहे. दोन जाड ताडपत्र्या, दोरी, तार, खिळे, हातोडी, फावडं, झाकणाच्या नळाच्या दोन बादल्या, तुरटीचा खडा, गाळायचं फडकं, गोळ्यांच्या तीन पट्ट्या, ओआरएस, साबण, पॅड, मच्छरदाणी, चार्जिंगची बॅटरी. गोळ्यांची मुदत बघायला लागते, ते दरवर्षी बदलायचं काम मी करीन, माझा धंदाच तो आहे. चित्रं काढलेला एक मराठी कागद आत घाला. पेटीवर तुमचं नाव घाला, मोठं घाला, त्याला कुणाची ना नाही, फक्त पेटी घेताना बाईमाणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करू नका, माझ्या आईनं 2019 ला त्यासाठी रांग सोडली आणि ब्लँकेट न घेता घरी आली होती.

आणि ह्या पेट्या पुण्याच्या गोडाऊनमध्ये ठेवू नका, पूर आला की रस्ता बंद होतो हे तीन वेळा बघून झालंय. गावातच ठेवा, उंचावर. आमच्या हायस्कूलचा वरचा मजला 2019 ला कोरडा होता, हेडमास्तरांशी मी बोललोय, एक खोली द्यायला तयार आहेत, किल्ली एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक बचत गटाच्या अध्यक्षांकडं. कुणाला आधी द्यायची ती यादी पण आशाताई आणि बचत गटाच्या बायकांना करू द्या, कोणाच्या घरात बाळंतीण आहे, कोण म्हातारं एकटं आहे, कुणाचं घर मातीचं आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. नाहीतर काय होतं, ट्रक रस्त्याला थांबतो, रस्त्यालगतच्यांना तीन-तीन वेळा मिळतं आणि मळ्यातल्या वस्तीपर्यंत काहीच पोचत नाही.

मे महिन्यातल्या कुठल्याही रविवारी या. पन्नास पेट्यांपासून सुरुवात करू. एक पेटी शाळेच्या मैदानात उघडू, पोरांकडून ताडपत्री बांधून घेऊ, नदीचं गढूळ पाणी बादलीत आणून तुरटीपासून गोळीपर्यंत सगळं सगळ्यांसमोर करून दाखवू, आणि अर्ध्या तासानं ते पाणी आधी मी पितो, मग तुम्ही प्या. जेवायची सोय आमच्याकडं आहे. येताना फक्त किती जण येताय ते आदल्या दिवशी कळवा.

तुमचाच,
शिरोळ तालुक्यातला एक मेडिकलवाला